ट्रॉली रिकामी कुठे केलीत?

तुमच्या सेवा योजनेच्या शिबिराच्या अहवालात, चौथ्या पानावर एक वाक्य आहे : ‘श्रमदानातून एक ट्रॅक्टर ट्रॉली भरून कचरा संकलित करण्यात आला.’ खाली फोटो. प्रत्येकाच्या हातात झाडू आहे आणि सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, झाडूकडे कोणीच नाही. मी पुढची पानं उलटली. प्रभातफेरी आली, पथनाट्य आलं, सरपंचांचं मनोगत आलं, आभारप्रदर्शनसुद्धा आलं. ट्रॉली काही परत आली नाही. गटप्रमुख कोण? उभा राहा. ती ट्रॉली रिकामी कुठे केलीत?

खाली बघू नकोस. गावात मी राहते, तुम्ही सात दिवसांसाठी आला होतात. स्मशानाच्या मागच्या उतारावर ओतलीत आणि काडी लावलीत. जे जळलं नाही ते ओहोळात घसरलं. पाऊस लागला की तो ओहोळ काळू नदीला मिळेल, काळू उल्हासला मिळते आणि उल्हास कल्याणच्या खाडीकडे जाते. म्हणजे तुमच्या श्रमदानाची निष्पत्ती काय? गावभर विखुरलेला कचरा एका जागी आला आणि त्याला नदीची वाट मिळाली. आधी निदान गुरांना एकेक पिशवी हुडकावी लागायची. तुम्ही त्यांना पंगतच वाढलीत.

घनकचरा व्यवस्थापन नियमांत तुमच्या-माझ्यासाठी लिहिलेलं एक कलम आहे. आपला कचरा रस्त्यावर, मोकळ्या जागेत, गटारात किंवा पाण्यात टाकू नये, जाळू नये, पुरू नये. तुम्ही पहिल्या दोन गोष्टी एका सकाळीत उरकल्यात, तिसरी जेसीबी मिळाला नाही म्हणून राहिली. आणि त्याच दिवशी दुपारच्या बौद्धिकात याच नियमांवर व्याख्यान ठेवलंत! वक्त्यांना धूर दिसत होता. ते बिचारे पाहुणे, बोलले नाहीत. मी पाहुणी नाही.

‘बाई, राब तर आपण दरवर्षीच भाजतो,’ असं मागच्या ओळीत कोणीतरी पुटपुटलं. मोठ्याने बोल, लाजायचं काय त्यात? राब म्हणजे पाला, टहाळ, गवत, शेण. ते भाजून त्या राखेत भाताचं रोप टाकायचं. राबाचं चांगलं-वाईट काय ते आपण वेगळं बोलू, जंगल तुटतं हेही बोलू. पण तुमच्या ढिगात तुटक्या चपला होत्या, वायरींची सालं होती, जुने फ्लेक्स होते. यांत पीव्हीसी असतं, पीव्हीसीत क्लोरीन असतो, आणि ते उघड्यावर धुमसत जळलं की डायऑक्झिनसारखी विषं तयार होतात. कचरा जाळायच्या भट्ट्या असतात त्यांत ८५० अंशांच्या वर ताप धरून ठेवावा लागतो आणि बाहेर पडणारा धूरही गाळावा लागतो. तुमच्याकडे काडेपेटी होती. धूर गेला कातकरी वाडीवर, कारण वारा तिकडे वाहत होता. अंगणवाडी त्याच वाडीत भरते. आणि हल्ली काही जण राबातही पाकिटं टाकतात, तेही मी पाहिलंय. त्या राखेत उगवलेला भात आपणच खाणार आहोत. तेव्हा राबाचं नाव पुढे करून सुटायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. शिबिराचा विषय काय होता? फलकावर लिहिलेला होता : घरगुती कचरा कमी करणे आणि त्याचा पुनर्वापर. यातला ‘कमी’ तुम्ही कुठे ठेवून आलात? तुमच्या अहवालात यश कशाने मोजलंय बघा. ट्रॉली जितकी भरलेली, तितकं शिबिर यशस्वी. या हिशेबाने पुढच्या वर्षी गावाने दुप्पट घाण केली तर तुम्हाला विद्यापीठाने पुरस्कार द्यायला हवा. एका तरी घरात तुम्ही विचारलंत का, की आठवड्यात काय काय बाहेर पडतं? ते तोललंत? किराणा दुकानात वजनकाटा आहे, मागितला असता तर वाण्याने दिला असता. दुसऱ्याचं घर सोडा. स्वतःच्या घरचा कचरा कोणी तोललाय? हात वर करा. बरं. आता खाली बघितलंत तरी चालेल.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली, २४ सप्टेंबरला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. छातीवर कोणार्कच्या चाकाचा बिल्ला लावता तो काही सहलीचा पास नाही. वर्षाला १२० तास भरायचे असतात. तुमच्या हजेरीपत्रकात ते चोख भरलेत, एका मिनिटाचीही खोट नाही. मला त्यातला फक्त एक तास दाखवा, जो तुम्ही शिकण्यात घालवलात. शिकवण्यात घातलेले तास मला नकोत. ते भरपूर आहेत.

कारण शिकवलंत कोणाला, तेही मी ऐकलंय. वाडीतल्या एका आजीच्या दारात तुम्ही चौघं उभे राहिलात आणि तिला ओला कचरा, सुका कचरा समजावून सांगितलात. गुळगुळीत कागदाचं रंगीत पत्रक दिलंत, ज्याला प्लास्टिकचा लेप होता. हिरवा डबा घ्या, निळा डबा घ्या म्हणालात. त्या घरातला ओला कचरा कुठे जातो, हे विचारलंत? भाजीची देठं शेळीला, माशाचे काटे कोंबड्यांना नि मांजराला, भाताचं पाणी म्हशीच्या घमेल्यात, चुलीची राख भांड्यांना, उरलंसुरलं उकिरड्यावर. तिच्या घरात ओला कचरा जन्मालाच येत नाही. आणि ती निळा डबा भरणार, तो ओतायचा कुठे? शहापूरला आणि मुरबाडला नगरपंचायतीची घंटागाडी फिरते. या वाडीत घंटागाडी येत नाही, टँकरसुद्धा वेळेवर येत नाही. पुढची व्यवस्था नसताना मागे डबे वाटायचे म्हणजे घोड्यापुढे गाडी जुंपणं.

याचा अर्थ गाव शहाणं आणि तुम्ही तेवढे मूर्ख, असं मी म्हणत नाही. गावाच्या नावाने गळा काढणाऱ्यांतली मी नाही. त्याच आजीच्या नातवंडांच्या हातात पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट असतं. सुनेला शाम्पूची पुडी लागते, कारण बाटलीचे पैसे एकदम निघत नाहीत. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि तुमच्या ट्रॉलीत सर्वात जास्त रिकाम्या पुड्या कसल्या होत्या ते तुम्हीच सांगा. कोणत्या टपरीवर मिळतात हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यातल्या दोघांना तर फारच चांगलं ठाऊक आहे, नावं घ्यायला लावू नका. हे सगळं शेवटी उकिरड्यात पडतं, आणि उकिरडा पावसाच्या आधी शेतात जातो. नांगराच्या तासात शेणखताबरोबर पुडीचे तुकडे वर येतात. घरात शिरणारी वस्तू बघायची होती, ती कोणी बघितली नाही. सगळे बाहेर पडणाऱ्या कचऱ्यामागे झाडू घेऊन धावलात.

आणि ‘पुनर्वापर’ हा शब्द अहवालात पानोपानी पेरलाय, म्हणून विचारते. दर आठवड्याला सायकलवरून भंगारवाला येतो. तुमच्या शिबिरातही आला होता. त्याला कोणी बसवून घेतलं? चहा विचारला? तो काय घेतो आणि काय घेत नाही, हे एवढं विचारलं असतंत तर निम्मा अभ्यासक्रम झाला असता. लोखंड, पत्रा, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, फुटकी बादली तो घेतो. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून दिल्या तर घेतो, आंबट वासाच्या चिकट पिशव्या घेत नाही. कागद भिजला की त्याचा भाव संपला. वेफर्सचं पाकीट तो हातही लावत नाही. का? सांगा, विज्ञानवाले कोण आहेत तुमच्यात? त्यात प्लास्टिकचे पदर आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सुटे करणं परवडत नाही. थर्माकोल का घेत नाही? जागा खातो आणि वजनाला काहीच भरत नाही. कल्याणपर्यंतचं टेम्पोभाडं कोण देणार? पुनर्वापर हा सगळा असा भाड्याचा, वजनाचा आणि स्वच्छतेचा धंदा आहे. तुम्ही त्याला घोषणा समजलात.

ज्यांना हे कळलं त्या बायका कुठल्याही शिबिराला गेल्या नव्हत्या. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ साली स्वतःची संघटना केली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्यातूनच पुढे दारोदारचा कचरा उचलणारी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने कचरा वेचणाऱ्या बायकांना कंपोस्ट करायला आणि बायोगॅस चालवायला शिकवलं, त्यांना ओळखपत्रं मिळवून दिली. ही माणसं तुम्हाला पाठ्यपुस्तकात भेटणार नाहीत. सायकलवाला दारात आला होता, तोही तुम्ही घालवलात.

तुमच्याकडून सरमिसळ ट्रॉलीतच झाली, सुरुवातीलाच. निवडलेली बाटली आणि चिखलाने माखलेली बाटली यांत भंगारवाल्याच्या लेखी रुपयाचा फरक असतो. तुम्ही पुठ्ठा, काचा, चिंध्या, उरलेला भात, लहान बाळाचे डायपर, सगळं एकत्र भरलंत, वर पाय देऊन दाबलंत. एकदा ओलं आणि सुकं एक झालं की दोन्ही वाया गेलं. नुसतं हेच समजून घ्यायला तुम्ही वेंगुर्ल्याला जायला हवं होतं. तिथल्या नगरपरिषदेत रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना त्यांनी कचऱ्याचा प्रत्येक प्रकार वेगळा करायला लावला आणि प्रत्येकाला जायची जागा आधी ठरवली. तिथला डम्पिंगचा माळ लोक तिकीट काढून बघायला यायला लागले. तेच कोकरे पुढे कल्याण-डोंबिवलीत आले. पडघ्याहून गांधारीच्या पुलावरून कल्याणात शिरताना आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर तुम्ही लहानपणापासून पाहिलाय, त्याचा जळका वास नाकात घेऊनच कॉलेजच्या प्रवेशाला गेलात. तो डोंगर कसा झाला? ट्रॉलीट्रॉलीनेच.

आता तो गांडूळखताचा खड्डा. फीत कापायला मला बोलावलं होतंत, मी आले नाही, कारण खड्डा मी आदल्या दिवशीच पाहिला होता. शाळेमागे, ऐन उन्हात. तिथे का, तर माती मऊ लागली. शिबिराच्या स्वयंपाकातला उरलेला भात, आमटी, कांद्याची सालं सगळं ओतलंत, वर विकत आणलेली गांडुळं सोडलीत आणि टाळ्या वाजवल्यात. ताजा कचरा कुजायला लागला की तापतो. चांगल्या ढिगाच्या पोटात ५५-६० अंशांपर्यंत ताप चढतो. गांडुळाला पस्तिशीच्या पुढे सोसत नाही. म्हणजे तुम्ही ती गांडुळं शिजवलीत. आधी तो माल शेणकाल्याबरोबर दोन-तीन आठवडे अर्धवट कुजू द्यायचा, निवू द्यायचा, वर सावली करायची, आणि मग गांडुळं सोडायची. शेण गावात मागितलं असतं तर पाटीभर कोणीही दिलं असतं.

आणि वास का सुटला? शिक्षकांची खोली बदलावी लागली त्या वासाने. ओल्या मालात नत्र जास्त आणि हवा कमी, म्हणून. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागाला कर्बाचे पंचवीस-तीस भाग लागतात. कर्ब म्हणजे भाताचा पेंढा, वाळका पाला, लाकडाचा भुसा. ओल्या थरावर सुक्याचा थर, पुन्हा ओला, पुन्हा सुका, आणि ओल इतकीच की मूठभर माल पिळला तर एखादा थेंब यावा. पेंढ्याला या तालुक्यात कधी तोटा होता? आणि पाल्याचं काय, तर त्याच सकाळी शाळेच्या आवारातला सगळा पाचोळा तुम्ही झाडून, ढीग करून पेटवून दिला होतात! खड्ड्याला जे हवं होतं ते तुम्ही खड्ड्यापासून वीस पावलांवर जाळत होतात. आवार स्वच्छ केलं म्हणून त्याचाही फोटो आहे, पान सात.

अहवालात नाडेपच्या टाकीचा उल्लेखही आहे, ‘भविष्यातील योजना’ या सदरात. त्या टाकीच्या विटांमध्ये भोकं का ठेवतात? कोणी सांगेल? हवा खेळावी म्हणून. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी ती पद्धत बसवली, थोड्या शेणात भरपूर काडीकचरा कुजवायची, तीन-चार महिन्यांत. आपल्याच राज्यातल्या एका माणसाने आयुष्य घालून केलेलं काम तुम्ही कुठूनतरी उतरवून काढलंत, भोकांचं कारण न विचारता. टाकी बांधाल, भोकं लिंपून टाकाल आणि वर्षभराने म्हणाल की पद्धतच चुकीची आहे.

समारोपाच्या दिवशी तुमच्यातल्या एकाने तडफदार भाषण केलं. तानसा, वैतरणा, भातसा आमची, पाणी मुंबईला, आणि आमच्या वाट्याला मुंबईचा कचरा. फार टाळ्या पडल्या. पाण्याचं म्हणालास ते खरं आहे. तानसाचं धरण १८९२चं, तेव्हापासून नळ आमच्या दारावरून जातात आणि एप्रिल-मे महिन्यात आमच्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. माळशेजला, माहुलीला पावसाळ्यात येणारे लोक बाटल्या टाकून जातात, तेही खरं. पण ट्रॉलीतलं वेफर्सचं पाकीट मुंबईने टाकलं नव्हतं रे. ते आपल्याच नाक्यावरच्या दुकानातून आपल्याच पाच रुपयांना आणलं होतं. बरं, पाकिटावर कंपनीचं नाव आणि पत्ता छापलेला असतो. आपलं प्लास्टिक परत गोळा करायची जबाबदारी कायद्याने त्या कंपनीवरही आहे. एखादं पोतं भरून त्यांच्या पत्त्यावर पाठवावं, असं तुम्हाला सुचलं नाही. सरपंचांसमोर मुंबईला शिव्या देणं सोपं होतं. सरपंचांनाच एक प्रश्न विचारणं अवघड होतं : पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला होता, तो गावाने कशावर खर्च केला? ग्रामसभेत हा प्रश्न विचारायचा अधिकार तुमच्यातल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला त्याच्या त्याच्या गावात आहे. कितीजण ग्रामसभेला बसलाय आजवर? १ मेला ग्रामसभा असते, तुम्ही सुट्टी म्हणून झोपता.

आणि शिबिराच्या स्वयंपाकघरात चहा कशात प्यायलात? कागदी कपात. आतून प्लास्टिकचा लेप असतो त्याला, भंगारवालाही घेत नाही. स्टीलचे पेले शाळेच्या कपाटात होते, पोषण आहाराचे. धुवायचा कंटाळा. हा सगळा प्रश्न निम्म्याहून अधिक धुवायच्या कंटाळ्याचा आहे, हे माझं मत लिहून घ्या. अहवालात टाकायची हिंमत असेल तर टाका.

अहवाल मी सही न करता परत देते आहे. पान चार आणि पान सात पुन्हा लिहायचं. ट्रॉली कुठे ओतली ते लिहायचं, जाळली ते लिहायचं, गांडुळं मेली ते लिहायचं. विद्यापीठ काय म्हणेल ते मी बघते. उद्या सकाळी उतारावर जाऊन न जळलेलं सगळं वर आणायचं, हातमोजे घालून, आणि निवडायचं. भंगारवाल्याला मी निरोप दिलाय, तो बसून दाखवेल. तो सांगेल तसं करायचं, त्याला ‘काका’ म्हणायचं आणि मध्ये बोलायचं नाही. तो जे घेणार नाही ते पोत्यांत भरून कंपन्यांच्या नावांप्रमाणे वेगळं ठेवायचं. शाळेमागच्या खड्ड्यातला माल उपसून झाडाखाली न्यायचा. शेण मी सांगून ठेवलंय, पेंढा तुम्ही डोक्यावरून आणायचा. आणि प्रत्येकाने आजपासून आपल्या घरचा कचरा महिनाभर तोलायचा, ओला वेगळा, सुका वेगळा. आईला सांगायचं नाही, स्वतः तोलायचा.

आणखी एक. लग्नसराई सुरू झाली आहे. हळदीला पाच-सातशे माणूस जेवतं आणि दुसऱ्या दिवशी थर्माकोलची ताटं, प्लास्टिकचे पेले सगळे ओहोळात. राज्यात २०१८च्या मार्चपासून या ताटापेल्यांना बंदी आहे, पहिल्या वेळी पाच हजार दंड आहे, आणि आजवर एकाही मांडवात कोणी पावती फाडलेली मी पाहिली नाही. मी फाडायला सांगतही नाही. बचत गटाकडे स्टीलची ताटं आणि पेले आहेत, शंभर कमी पडतील ते वरच्या पाड्यातून आणू. पळसाच्या पत्रावळी वाडीतल्या बायका लावून देतील, त्याचे पैसे रोख द्यायचे, घासाघीस करायची नाही. या शुक्रवारी गावात हळद आहे, नवऱ्या मुलाच्या बापाशी मी बोलले आहे. तो म्हणाला, बाई, भांडी घेतो, पण खरकटं काढणार कोण आणि धुणार कोण? मी तुमची नावं दिली आहेत, हजेरीपत्रकावरची सगळी. शुक्रवारी संध्याकाळी सहाला मांडवामागे, विहिरीकडच्या बाजूला. राख आणि नारळाची शेंडी घरून आणायची. कोणाला दांडी मारायची असेल त्याने आत्ताच सांगावं.